शेपटाची सही

स्वित्झर्लंड,
दि. २८ डिसेंबर १९५२

सौ. सुमनताईस,
सूर्याजीचा शि. सा. न. वि. वि.

पुन्हा तेच? झालं गेलं सोडून दे, असं तू आता चौथ्या पत्रात लिहिलंस. चारही पत्रं उशाखाली आहेत, मोजून सांगतो. सोडणारा मी कोण? ज्यानं धरलं त्यानं सोडावं. आबा या वयात पुन्हा मल्हाररावांच्या देवडीवर चाकरीचा दाखला मागायला गेले, कारभारी रघुनाथरावांनी त्यांना दोन तास उभं ठेवून परत लावलं, हे तूच लिहितेस, आणि खाली मलाच शांत राहायला सांगतेस. ही कुठली बात झाली?

तुला वाटतं मी विसरेन. तीन दसरे झाले, पण मला रुमालाची घडीसुद्धा आठवते. आबा तापानं फणफणलेले, म्हणून त्यांच्या जागी दसऱ्याचा नजराणा, नजर, घेऊन मी मल्हाररावांच्या सदरेवर गेलो. तू इस्त्री करून दिलेला पांढरा रुमाल, त्यावर चांदीचे पाच रुपये, दोन्ही हातांवर धरलेले. मल्हाररावांनी बोट लावलं आणि हात मागे घेतला. बोट लावून सोडली म्हणजे नजर माफ, पैसे ज्याचे त्याला परत. आपल्या ग्वाल्हेरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मी रुमाल मिटला, घरी आलो, तू त्याच पैशांत आबांचं औषध आणलंस. आणि दिवेलागणीला कारभारी रघुनाथराव म्हणतात, यादीत पाच रुपये मांडलेत, तबकात नाहीत, पोरानं मारले!

भर सदरेत मी मल्हाररावांकडे बघून म्हटलं की सरकार, आपणच बोट लावून सोडलीत. त्यांना नुसतं हो म्हणायचं होतं. ते पानाच्या डब्याकडे बघत बसले. सव्वीस वर्षं त्यांच्या खजिन्याच्या पहाऱ्यावर उभे असलेले आबा त्या गप्प तोंडापायी चोराचे बाप झाले. चाकरी गेली, वर पगारातून पाच रुपये कापले. तो बडतर्फीचा कागद मी बोटीवर चढताना बरोबर घेतला होता. अजून माझ्या पेटीत आहे. जेवण जास्त झालं की काढून बघतो, भूक पुन्हा लागते.

इकडचं म्हणशील तर बर्फ गुडघाभर आहे. पायाला लांब फळ्या बांधून डोंगरावरून घसरायला दुनियाभरचे श्रीमंत येतात. त्या फळ्यांना स्की म्हणतात. मी त्या पुसतो, त्यांना मेण लावतो, लोकांचे बूट आवळतो आणि पडलेल्यांना उचलतो. बक्षिसीत डॉलर, पौंड, लिरा, सगळ्या राज्यांची नाणी पडतात. कुठल्या नाण्याचे किती फ्रँक हे मला तिसरी पास माणसाला आता तोंडपाठ आहे. आपल्या रुपयाला मात्र इथे कुणी विचारत नाही.

आता खरी खबर. हॉटेलात येणाऱ्या पाहुण्यांची यादी स्वैपाकघराच्या दारावर लागते. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण ग्वालियर ही अक्षरं मी स्टेशनच्या पाटीवर इतकी वर्षं पाहिली आहेत की झोपेतही ओळखीन. मालकीणबाईंना इथल्या बोलीत, मोडकंतोडकं विचारलं. त्या म्हणाल्या, सरदार मल्हारराव, नऊ जानेवारीपासून तीन आठवडे.

ताई, देव आहे. यंदा तो बर्फात राहतो आहे.

आबांना यातलं काही सांगू नकोस. तुझा लोभ आहेच, फक्त त्यात उपदेश कालव नकोस.

तुझा
सूर्याजी

*

लष्कर, ग्वाल्हेर,
दि. ७ जानेवारी १९५३

चि. सूर्याजीस सुमनताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझ्या हातातली पोळी तव्यावर जळली. आबांना सांगू नकोस म्हणतोस, आणि पाकिटावर अक्षर एवढं मोठं काढतोस की पोस्टमन चौकातूनच ओरडत येतो. त्यांनी समोर बसून वाचायला लावलं. मी दोन ठिकाणी गाळलं, पण त्यांना गाळलेलं बरोबर ऐकू येतं.

सूर्या, आधी घरची स्थिती नीट समजून घे. जागीर गेली. मल्हाररावांची गावं डिसेंबरात सरकारजमा झाली. ज्यांनी जागीरदारांकडे चाकरी केली त्यांना नवं राज्य पेन्शन देणार आहे. पण मालकाच्या सहीचा दाखला हवा, की अमुक वर्षं चाकरी केली आणि वर्तणूक चांगली होती. तो मार्चअखेरपर्यंत इंदरगंजच्या कचेरीत द्यायचा. आबांच्या नावावर चोरीचा डाग, म्हणून रघुनाथराव दाखला देत नाहीत. ते आता दाल बाजारात धान्याची आढत घालून बसले आहेत. कारभारी गेला, पण कारभार तोच.

आणि आईच्या पाटल्या तुला आठवतात ना? आबांची चाकरी गेली तेव्हा टोपी बाजारच्या सावकाराकडे ठेवल्या, त्या अजून तिथेच आहेत. आता व्याजासकट पाचशे मागतो. मी अर्धे देते म्हटलं, तर म्हणतो एक आणा कमी असेल तरी पाटलीला हात लावू देणार नाही. आबांना पेन्शन मिळाली तर हळूहळू सुटतील. एवढंच माझं मागणं आहे.

तेव्हा तू तिथे सूडबीड काही काढू नकोस. मल्हारराव मनानं वाईट नाहीत, त्यांचे डोळे आणि हात रघुनाथराव होऊन बसले आहेत इतकंच. तिथे रघुनाथराव नाहीत. हात जोड, पाया पड, आणि दाखला लिहून घे. तुझा मान तीन ओळींपेक्षा मोठा आहे का?

मल्हारराव निघाले तेव्हा टोपी बाजारातून त्यांच्यासाठी चार कानटोप्या नेल्या म्हणे. आबा रोज विचारतात की तिकडे थंडी किती. त्यांचा निरोप असा की सरकारांना थंडी सोसत नाही, सूर्यानं त्यांना आल्याचा चहा करून द्यावा. मी लिहायचं टाळत होते, पण ते पाठीमागे उभे आहेत.

पाकिटात तिळगुळाचे चार दाणे घातले आहेत. ते खा आणि जिभेवर थोडे टिकू दे.

तुझी
सुमनताई

*

स्वित्झर्लंड,
दि. १८ जानेवारी १९५३

सौ. सुमनताईस,
सूर्याजीचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला आणि खाल्ला. गोड मात्र बोलणार नाही.

ते आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मिशा काढल्या आहेत आणि डोक्याला लोकरीची टोपी आहे, पण तसा उघडा उभा राहिलो असतो तरी ओळखलं नसतं. ते नजर घेताना रुमालाकडे बघत, रुमाल धरणाऱ्याकडे नाही. हिंदीत विचारलं की कुठला आहेस. मी म्हटलं, उधरचाच. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

पहिल्या दिवशी सात वेळा पडले. सातही वेळा मीच उचललं. स्वतःचे बूट बांधता येत नाहीत, पाय पुढे करून बसतात. तुझ्या सांगण्याप्रमाणे रोज दाखल्याचं काढायचं ठरवत होतो, देवाशपथ. पण त्यांचा बूट माझ्या गुडघ्यावर असला की मला ती सदर दिसायची आणि तोंड आपोआप बंद व्हायचं. आल्याचा चहा केला नाही. इथे आलं मिळत नाही. मिळत असतं तरी केला नसता, हे आबांना वाचून दाखव.

आता मजा ऐक. सोळा तारखेला आठवड्याचं बिल गेलं. मल्हाररावांनी चेकांचं पुस्तक काढलं. प्रवाशांसाठी बँका असे चेक देतात. आपल्याकडून परदेशी पैसा मोजूनमापून, परवान्यानं मिळतो, तो असा कागदावर न्यावा लागतो. यात गोम अशी की घेताना बँकेसमोर प्रत्येक चेकवर एक सही करायची आणि खर्चताना दुसरी. दोन्ही जुळल्या तरच फ्रँक मिळतात. मल्हाररावांनी सही केली, कोंबडीनं पाय ओढावा तशी. वरची पहिली सही मात्र झोकात, आपल्या बाळबोध अक्षरात, आणि शेवटच्या अक्षरातून निघालेलं शेपूट पूर्ण नावाला वेढा घालून परत आलेलं. आंधळाही सांगेल की हात दोन आहेत.

मालकीणबाईंनी पासपोर्ट मागवला. त्यात फोटो यांचा आणि सही कोंबडीचीच. म्हणजे माणूस खरा, पण चेक दुसऱ्याच कुणाचे! मल्हारराव म्हणाले की मुंबईत बँकेच्या दाराशी मी मोटारीत बसून होतो, कागद वर गेले आणि सही होऊन खाली आले, आमच्याकडे असंच होतं. मालकीणबाई हसल्या. असं कुठल्या देशात होतं, म्हणाल्या. मग मल्हाररावांनी खिशातल्या शंभर रुपयांच्या नोटा काढल्या, तर खालच्या गावातल्या बँकेनं त्या बघून परत केल्या. घरी तार केली आहे, पण तिकडून पैसा बाहेर धाडायचा तर पुन्हा परवाना.

मग मालकीणबाईंनी मला बोलावलं आणि हे सगळं इथल्या बोलीत सांगितलं. हॉटेलात हिंदुस्थानचा मी एकटा. विचारलं की हा माणूस तुझ्या मुलखातला म्हणतो, तू ओळखतोस का? याच्या घरी खरंच दुसरा माणूस सही करतो का? मल्हारराव खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच, ताई. नीट, तोंडाकडे.

मी म्हटलं, हिंदुस्थान फार मोठा आहे, मी यांना ओळखत नाही.

आणि टेबलावर पानाचा डबा नव्हता म्हणून खिडकीबाहेर बर्फाकडे बघत बसलो.

तू रागावशील. रागाव. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

लोभाला टाच आणू नकोस.

तुझा
सूर्याजी

*

लष्कर, ग्वाल्हेर,
दि. २७ जानेवारी १९५३

चि. सूर्याजीस आशीर्वाद, पण या वेळी उत्तम आणि अनेक हे दोन्ही शब्द मुद्दाम लिहिलेले नाहीत.

हे काय करून बसलास? तुला जेवण गोड लागलं, पण इथे कुणाला लागलं नाही. आबांनी पत्र ऐकलं, उठून हात धुतले आणि ताटावर बसलेच नाहीत. तू ज्या माणसाच्या तोंडून एक हो निघालं नाही म्हणून तीन वर्षं जळतोस, तसंच तुझंही तोंड मिटलं. मग दाखला कोण देणार? बर्फ?

इकडे रघुनाथरावांची धावपळ चालली आहे. तार आल्यापासून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतात. परवान्याला महिना लागेल म्हणे. मुंबईच्या बँकेनं तिकडे कळवलं की सही आमच्यासमोर मल्हाररावांनीच केली. खरं सांगितलं तर त्यांच्याच कारकुनाच्या अंगाशी येतं. मग मल्हारराव तिथे खोटेच ठरले की रे! दोन दिवसांपूर्वी रघुनाथराव आबांकडे आले होते. म्हणत होते की पोराला लिहा, सरकारांवर नजर ठेव म्हणावं. तू आहेस हे त्यांना कुठून कळलं विचारू नकोस. पोस्टमन चौकातून ओरडतो हे लिहिलंच होतं.

ते गेल्यावर आबा म्हणाले की सूर्या त्या बडतर्फीच्या कागदाचा राग सरकारांवर काढतो, पण त्या कागदावर सरकारांची सही नाहीच. ते वेढा घालणारं शेपूट रघुनाथरावांचं. वीस वर्षं सरकारांच्या नावानं तेच सही करतात. सही करणं हे कारकुनाचं काम, असं थोरल्या सरकारांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, लहानपणी सांगितलं होतं, म्हणून मल्हारराव कधी शिकलेच नाहीत. पहाऱ्यावरच्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मी विचारलं की मग आजवर बोलला का नाहीत. तर म्हणाले, मालकाला सही येत नाही हे चाकरानं बोलायचं असतं का?

असे आपले आबा. मार्च जवळ येतो आहे. मी आता उपदेश करत नाही, फक्त तारीख सांगते.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच
सुमनताई

*

स्वित्झर्लंड,
दि. ८ फेब्रुवारी १९५३

सौ. सुमनताईस,
सूर्याजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. शेपटाचं वाचलं आणि पेटी उघडली. कागद काढला. मालकीणबाईंच्या टेबलावर चेक पडलेच होते, खोली झाडायच्या निमित्तानं आत जाऊन शेजारी धरले. तेच! तोच वेढा, तीच शेवटची गाठ. आबांना चोराचा बाप ठरवणारा कागद हाच या मुलखातला एकुलता एक पुरावा, की मल्हाररावांच्या नावाची सही दुसराच माणूस करतो.

लगेच दिला असं समजू नकोस. दोन दिवस कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडलो. मल्हाररावांची दशा बघत होतो. पुढची खोली काढून घेतली होती, माझ्या शेजारच्या माळ्यावरच्या खोलीत आणून टाकलं होतं. पासपोर्ट मालकीणबाईंच्या कपाटात, पोलिसाला सांगावं की नाही यावर चर्चा. आम्हा नोकरांबरोबर सूप पीत. कानटोपी घालून बसत. बुटांच्या नाड्या सुटलेल्या, कारण आता मी बांधत नव्हतो. एकदा टपालाच्या तिकिटापुरते पैसे मागितले. मी दिले नाहीत. एकदा आपल्याशीच मराठीत पुटपुटले की रघुनाथ असता तर. मला इतकं बरं वाटलं, ताई, की काय सांगू. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू?

पण तू तारीख लिहून ठेवली होतीस. बुधवारी जेवणं झाल्यावर मी तुझा तो पांढरा रुमाल काढला. हो, तोच. कागद त्यावर ठेवला, दोन्ही हातांवर धरला आणि त्यांच्यासमोर जाऊन वाकलो. आपल्या मराठीत म्हटलं की सरकार, नजर.

सवयीनं बोट पुढे आलं, कागदाला लागलं आणि हात मागे गेला. हाताला सगळं आठवत होतं, ताई. तोंडालाच आठवत नव्हतं. मग कागद वाचला. मग मान वर केली आणि विचारलं की पांडुरंगचा का तू. मी म्हटलं, चोर.

मग मी सौदा सांगितला. हा कागद मालकीणबाईंना दाखवतो, बँकेत दाखवतो. पण त्यात मला चोर म्हटलंय, आणि चोराच्या साक्षीला कोण विचारतं? तेव्हा आधी तुम्ही सांगायचं की त्या दसऱ्याला काय झालं. मालकीणबाईंसमोर, स्वैपाक्यासमोर, बिछाने घालणाऱ्या बायांसमोर. त्यांना घाम आला. थंडीत माणसाला घाम येताना मी पहिल्यांदा बघितला.

त्यांनी सांगितलं. मालकीणबाईंना इंग्रजीत सांगितलं की बोट मीच लावलं होतं, पैसे याचेच होते, मी गप्प बसलो कारण सदरेत कारभाऱ्याला खोटं पाडायची मला हिंमत झाली नाही. मी म्हटलं, इंग्रजी मला येत नाही, मराठीत होऊ द्या. ते झालं. मी म्हटलं, आवाज बसलाय सरकार, नीट ऐकू आलं नाही. मग तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदाही सांगायला लावणार होतो, पण मालकीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी कागद आणायला उठलो.

मग दाखला. त्यांनी वरच्या ओळी मला लिहायला सांगितल्या. मी म्हटलं, नाही, सगळं आपल्या हातानं. तिन्हीसांजेपर्यंत पाच कागद फाडले. जीभ बाहेर काढून लिहीत होते, तिसरीत मी काढायचो तशी. सोबत जोडला आहे. अक्षर वाकडं आहे, पण सव्वीस वर्षं आहे, वर्तणूक उत्तम आहे, चोरीचा आळ खोटा होता हेही आहे, आणि खाली कोंबडीच्या पायाची खरी सही आहे. कचेरीला शंका आली तर पासपोर्टाशी जुळवा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. तिथल्या साहेबाला आपलं अक्षर वाचता येत नाही, पण शेपूट ओळखायला वाचायला कशाला यावं लागतं? त्यानं मुंबईला सरळच तार करून विचारलं की माणूस मोटारीत होता का. मग त्यांना कबूल करावं लागलं. परवा नव्या सह्या घेतल्या आणि फ्रँक मोजून दिले.

काल मल्हारराव निघाले. मोटारीपाशी मला बोलावून शंभर फ्रँकची नोट पुढे केली. कोरी. माझी दोन आठवड्यांची कमाई. मी तिला बोट लावलं आणि हात मागे घेतला.

माफ.

मोटारीचा ड्रायव्हर बघत राहिला, त्याला वाटलं नोट खोटी आहे. मल्हाररावांना मात्र बरोबर समजलं. नोट हातात तशीच धरून मोटारीत बसले. त्यांचं तोंड बघायला तू हवी होतीस.

आता तुझे अनेक आणि उत्तम हे दोन्ही शब्द मला परत पाठव.

तुझा
सूर्याजी

*

लष्कर, ग्वाल्हेर,
दि. १८ फेब्रुवारी १९५३

चि. सूर्याजीस सुमनताईचे अनेक, अनेक, उत्तम आशीर्वाद. गेल्या पत्रातले राहिलेलेही यात धरले आहेत.

दाखला सोमवारी पोचला, मंगळवारी इंदरगंजला दिला. कचेरीतले बाबू हसले, म्हणाले की हे सरदारांनी लिहिलं की त्यांच्या नातवानं. पण घेतला, शिक्का मारला, पोच दिली. आबा येताना टांग्यात बसले नाहीत, भर बाजारातून चालत आले. ज्या ज्या दुकानासमोरून तीन वर्षं मान खाली घालून जात, त्या त्या दुकानासमोर थांबले. काही घेतलं नाही, नुसते थांबले. मी मागे चालत होते, सगळं बघत होते.

मल्हारराव परत आले आहेत. रघुनाथरावांना बोलावून काय बोलले ते कळलं नाही, पण परवा रघुनाथराव पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले की त्या वेळी जरा गैरसमज झाला. जरा! मी चहासुद्धा टाकला नाही. पण आबांनी त्यांना पाट दिला, पेढा खाल्ला आणि निरोपही दिला. मी म्हटलं की पगारातून कापलेले पाच रुपये तरी मागायचे होतेत. तर म्हणाले, पाच रुपयांसाठी कुणापुढे तोंड उघडायचं? माझा जीव नुसता तडफडला. पाच रुपयांसाठी त्यांनी आपलं घर बुडवलं, आणि यांना मागायची लाज वाटते.

पाटल्यांचं तेवढं राहिलं. पेन्शन सुरू व्हायला पावसाळा उजाडेल. सावकार गुढीपाडव्यापर्यंत थांबतो म्हणाला, नंतर विकणार. तू काही पाठवू शकलास तर बघ, ओढाताण मात्र करून घेऊ नकोस.

खाली आबांनी दोन ओळी लिहायला जागा मागितली आहे.

तुझी
सुमनताई

चि. सूर्याजीस आशीर्वाद. कागद पोचला. सरकारांचं अक्षर मी प्रथमच पाहिलं. देव्हाऱ्यात ठेवणार होतो, पण कचेरीत द्यावा लागला. तू साक्ष दिलीस ते चांगलं केलंस. त्यांची बक्षिसी बोट लावून परत केलीस, ते केलं नसतंस तर बरं होतं. तो मान आपला नव्हे. रघुनाथरावांवर आता राग धरू नये. पायांत लोकरीचे मोजे घालतोस का? — पांडुरंगराव

*

स्वित्झर्लंड,
दि. २७ फेब्रुवारी १९५३

सौ. सुमनताईस,
सूर्याजीचा शि. सा. न. वि. वि.

आबांच्या ओळी दहादा वाचल्या. मोजे घालतो म्हणावं. बाकीचं त्यांचं एकही ऐकणार नाही.

तो मान आपला नव्हे म्हणतात. मग कुणाचा? गावं गेली, फौज गेली, सही तर कधी नव्हतीच. ज्याला बूट बांधता येत नाहीत त्याचा मान आहे, आणि सव्वीस वर्षं उभ्या माणसाचा नाही? मल्हाररावांचं माझ्याकडून फिटलं. त्यांनी तीनदा सांगितलं, मी तीनदा ऐकलं. पण रघुनाथराव पेढे देऊन सुटतात हे मला बर्फाच्या मुलखात बसूनही सोसत नाही. पेढा आबांनी खाल्ला असेल. मी खाल्लेला नाही.

आता नीट वाच, आणि या वेळी काही गाळू नकोस, आबांना अक्षर न् अक्षर ऐकव.

तीन वर्षांची शिल्लक बँकेत नेऊन फ्रँकांचे रुपये करून घेतले. हिशेब दोनदा तपासला. सावकाराचे पूर्ण पाचशे होत होते, वर मला तंबाखूपुरते उरतही होते. पण पाचशेतले पाच मी मुद्दाम मागे ठेवले आहेत. एक आणा कमी असला तरी सावकार पाटलीला हात लावू देणार नाही, हे तूच लिहिलंस. बरोबर तेच मला हवं आहे. तू घरातले पाच घालायचे नाहीत. तुझ्या नवऱ्याकडून घ्यायचे नाहीत. शेजारून उसने आणायचे नाहीत. आईची शपथ घालतो, मोडू नकोस.

ते पाच रुपये दाल बाजारात आहेत. आबांनी फेटा बांधून, भर दुपारी, गिऱ्हाईक आणि हमाल असतील अशा वेळी रघुनाथरावांच्या आढतीवर जायचं. तू बरोबर जा. सोबत तोच रुमाल पाठवतो आहे, धुऊन, घडी करून. तो रिकामा, दोन्ही हातांवर पुढे धरायचा. आबांना तोंड उघडायची लाज वाटते ना? उघडू नये. रुमालच मागेल. रघुनाथरावांनी पाच रुपये त्यावर ठेवले की बोट लावून सोडायचे नाहीत, उचलायचे. आणि एक चिठ्ठी घ्यायची, की हे पाच रुपये पांडुरंगरावांच्या पगारातून खोटे कापले होते ते परत केले. खाली सही रघुनाथरावांनी स्वतःच्या नावाची करायची. बघू तरी, त्यांना ती येते का.

तिथून परस्पर टोपी बाजारात जा आणि पाटल्या घेऊनच घरी या.

रागावलीस तरी लोभ राहू दे, त्याचा दर मात्र उतरू देऊ नकोस.

तुझा
सूर्याजी

सोबत बँकेची हुंडी: रुपये चारशे पंचाण्णव.